जुनं गाणं शेअर करताय? मग ते आलं कुठनं तेपण सांगा की

आमच्याकडं गाण्याचे ग्रुप पैशाला पासरी झालेत, रोज सकाळी कोणतरी जुनं गाणं टाकतंय आणि खाली लिहितंय 'पारंपरिक', विषय संपला. कुणाचं, कुठलं, कधीचं, काय पत्ता नाही. मला दोन प्रकारच्या गाण्यांचं याड, एक आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या जात्यावरच्या ओव्या आणि दुसरं अमेरिकेतलं बँजो-फिडलवालं ब्लूग्रास (हसा खुशाल). उगम शोधायची रीत दोन्हीकडं जवळपास सारखीच आहे.

पहिलं म्हणजे सगळ्यात जुनं रेकॉर्डिंग हुडका, पण तिथंच थांबू नका. 'वाइल्डवुड फ्लॉवर' घ्या. कार्टर फॅमिली ह्या अमेरिकेतल्या गाणाऱ्या कुटुंबानं ते 1928 ला रेकॉर्ड केलं, लोक त्याला डोंगरातलं लोकगीत समजतात, आणि मूळ गाणं तर 1860 चं, छापून विकलेलं, शहरी दिवाणखान्यात पियानोवर म्हणायचं! तोंडोतोंडी फिरून शब्द इतके झिजले की काही ओळींचा अर्थच लागत नाही. त्या घरातला ए. पी. कार्टर गावोगाव फिरून गाणी गोळा करायचा, सोबत लेस्ली रिडल नावाचा काळा गिटारवाला असायचा, चाली तो डोक्यात ठेवायचा, आणि रेकॉर्डवर नाव मात्र कार्टरचं. म्हणून रेकॉर्डवर ज्याचं नाव त्यानंच गाणं बांधलं असं धरून चालू नका.

गाणं खऱ्या घटनेवरचं असेल तर काम सोपं. 'टॉम डूली' मधला टॉम ड्यूला खराच माणूस, नॉर्थ कॅरोलायनात 1866 ला लॉरा फॉस्टरचा खून झाला, त्यात ह्याला 1868 ला फाशी दिलं, आणि 1958 ला किंग्स्टन ट्रिओ ह्या तिघांच्या गाणाऱ्या ग्रुपनं ते गाणं घरोघरी पोचवलं. आपल्याकडं इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला 1831 ला नंदगडात फाशी दिलं, म्हणजे आपल्या खानापूर तालुक्यातच, आणि त्याच्यावरची कन्नड गीगी पदं (आपल्या पोवाड्यासारखी) अजून म्हणतात. तारखा, गावं ताडून बघा. जिथं जुळत नाही तिथं गाण्याला खोटं ठरवायचं नाही, इतिहास काय म्हणतो नि गाणं काय म्हणतंय दोन्ही लिहायचं. एक सांभाळा, गाण्यात रेल्वे आली म्हणून अख्खं गाणं रेल्वेनंतरचं होत नाही, ती ओळ नंतर कोणीतरी घुसडलेली असू शकते.

आता ओव्या. ह्यांना ना कवी ना तारीख, इथं विचारण्याशिवाय इलाज नाही. आज्जीसमोर मोबाईल धरून "म्हणा बघू" म्हटलं की ती पदर तोंडाला लावून गप्प बसणार, त्यापेक्षा पोरांच्या लग्नाचं, दळणाचं विषय काढा, ओवी आपसूक येते. आणि सासरचं गाव लिहून घेऊन मोकळं होऊ नका, माहेर विचारा, आईचं माहेर पण विचारा, कारण ओवी बाईबरोबर लग्न होऊन येते. आमच्या भागात कितीतरी जणींचं माहेर कन्नड, तिकडं बीसुव पद म्हणजे दळणाचीच गाणी, त्यामुळं चाल तिकडची नि शब्द इकडचे असंही सापडतं. मग तीच ओळ हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ ह्या अभ्यासकांच्या ओव्यांच्या संग्रहात शोधा, लाखावर ओव्या आहेत आणि 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) च्या वेबसाइटवर त्यातल्या ऐकायला मिळतात. दुसऱ्या जिल्ह्यातल्या बाईच्या तोंडी तीच ओळ भेटली की मजा येते बघा.

सौंदत्तीच्या यल्लम्माची चौंडक्यावरची (एका तारेचं वाद्य) गाणी टाकायची असतील तर आधी विचारा. जोगत्यांचं, म्हणजे देवीला वाहिलेल्या भक्तांचं, ते पोट आहे आणि भक्तीपण, चोरून व्हिडिओ काढून टाकणं मला तर अजिबात पटत नाही.

टाकताना एका वेळी एकच गाणं, आधी दोन-तीन ओळींत उगम आणि मग ऑडिओ, उलटं केलं तर कोण वाचत नाही. माहिती थोडीच असली तरी चालतंय, 'निपाणीच्या मावशीकडनं ऐकलं, तिचं माहेर चिकोडीकडं' एवढंही 'पारंपरिक' पेक्षा बरं. आणि फाईलचं नाव तेवढं बदला बाबांनो, गाव, साल, गाण्याची पहिली ओळ, एवढं त्यातच टाका, कारण फॉरवर्ड होताना खालचा मजकूर गळतो, फाईलचं नाव बऱ्याचदा टिकतं.