९७ टक्क्यांवर अडकलेल्या टोरेंटला नवे सोर्स कुठून मिळवायचे

टोरेंटमध्ये फाइल एका सर्व्हरवरून नाही, ती ज्यांच्याकडे आहे त्या इतरांच्या पीसींवरून, म्हणजे सोर्सकडून, तुकड्यातुकड्यानं येते. लिनक्सची जुनी आयएसओ (इन्स्टॉल करायच्या डिस्कची एकच फाइल) किंवा इंटरनेट अर्काइव्हवरचा पुस्तकांचा संच ९७ टक्क्यांपर्यंत येतो आणि तिथेच बसतो. पीसी रात्रभर चालू ठेवण्याआधी एक आकडा बघा. क्यूबिटटोरेंट या टोरेंट उतरवायच्या प्रोग्रॅममध्ये यादीच्या वरच्या पट्टीवर राइट क्लिक करून ‘अव्हेलेबिलिटी’चा कॉलम चालू करा. आकडा १ किंवा त्याच्या वर असेल तर सगळे तुकडे कुणाकुणाकडे आहेत, घोळ बहुधा तुमच्या कनेक्शनचा आहे. ०.९७ असा १ च्या खाली असेल तर उरलेले तुकडे जोडलेल्या कुणाकडेच नाहीत. मग वाट बघण्यात अर्थ नाही, नवा सोर्सच शोधायचा.

आधी कनेक्शन. जुळे सोलापूर असो की होटगी रोड, केबलवाल्याचं ब्रॉडबँड असेल तर राउटरच्या पानावर वॅन आयपी (केबलवाल्याकडून राउटरला मिळालेला पत्ता) बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानं सुरू होत असेल तर एकच पब्लिक आयपी (बाहेरच्या इंटरनेटला दिसणारा पत्ता) अनेक घरांत वाटलेला आहे. अशा लाइनवर राउटरमध्ये पोर्ट कितीही उघडा, बाहेरचा माणूस आत येऊ शकत नाही. तुम्हीच ज्यांच्यापर्यंत पोचाल तेवढेच सोर्स. ऑपरेटरकडे आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा आयपी पत्ता) मागा, नाहीतर पब्लिक आयपी.

मग ऑप्शन्समधल्या ‘बिटटोरेंट’ पानावर डीएचटी आणि पीअर एक्स्चेंज (ट्रॅकरशिवाय सोर्स शोधायचे दोन मार्ग) चालू आहेत ना ते बघा. ट्रॅकर, म्हणजे फाइल कुणाकडे आहे याची यादी ठेवणारा सर्व्हर, बंद पडला तरी डीएचटी इन्फो-हॅशवरून, म्हणजे टोरेंटच्या ओळख-क्रमांकावरून, माणसं शोधतं. टोरेंट प्रायव्हेट (फक्त खातेदारांसाठीचा) असेल तर मात्र हे दोन्ही आपोआप बंद राहतात, आणि तिथे बाहेरचे ट्रॅकर घुसवायच्या भानगडीत पडू नका, खातं जाईल. एरवी त्याच इन्फो-हॅशचा टोरेंट दुसऱ्या साइटवर सापडला तर त्यातले ट्रॅकर आपल्यात जोडा आणि ‘फोर्स रीअनाउन्स’ देऊन त्यांना लगेच सोर्स विचारा. नेटवर फिरणाऱ्या शेकडो ट्रॅकरच्या याद्या चिकटवण्याची हौस फुकट आहे, त्यातले बरेचसे मेलेले असतात.

खरा उपाय बहुतेकांना सुचत नाही: तीच फाइल साध्या वेबसाइटवरून घ्या. डेबियन, उबुंटूच्या जुन्या आवृत्त्या त्यांच्या सर्व्हरवर ठेवलेल्या असतात. लिंक थेट फाइलची असेल तर ‘एचटीटीपी सोर्सेस’ टॅबमध्ये राइट क्लिक करून वेब सीड (सोर्सचं काम करणारी साइट) म्हणून टाका. तसं जमलं नाही तर फाइल ब्राउझरनं उतरवा, टोरेंट थांबवा, जुनी अर्धवट फाइल बाजूला ठेवा आणि नवी तिच्या जागी अगदी त्याच नावानं टाका. अपूर्ण फाइलच्या नावामागे क्यूबिटटोरेंटचं ‘.!qB’ हे शेपूट लागलेलं असेल तर नव्या फाइललाही तेच लावा, नाहीतर ती ओळखली जाणार नाही. मग ‘फोर्स रीचेक’. प्रत्येक तुकड्याचा हॅश (त्यातल्या डेटावरून काढलेला ठसा) तपासला जातो, जुळले ते ठेवले जातात, बिघडलेले तेवढे टोरेंट पुन्हा मागतं. मात्र आवृत्ती तीच हवी, १२.१ च्या जागी १२.२ टाकलीत तर जवळपास काहीच जुळणार नाही. उन्हाळ्यात मध्येच लाइट गेली आणि पीसी धाडकन बंद पडला, तरीही हाच रीचेक आधी चालवा.

लॅबमध्ये वीस पीसींना एकच आयएसओ हवी असेल तर ‘लोकल पीअर डिस्कव्हरी’ चालू करा. एकाकडे पूर्ण झालेली फाइल बाकीचे लॅनवरूनच ओढतात, बाहेरचा डेटा लागत नाही. वायफायवर एकमेकांना दिसत नसतील तर राउटरमधलं क्लायंट आयसोलेशन काढा.

डीसी प्लस प्लस (हब नावाच्या सर्व्हरवर जमलेल्या लोकांकडून फाइल घ्यायचा प्रोग्रॅम) वापरणाऱ्यांचं काम सोपं आहे. क्यूमधल्या फाइलवर राइट क्लिक करून ‘सर्च फॉर अल्टरनेट्स’ निवडा. शोध नावावर नव्हे, टीटीएचवर (फाइलच्या डेटावरून काढलेला हॅश) चालतो, म्हणून कुणी फाइलचं नाव बदललं असलं तरी ती सापडते. एकाच हबवर काही मिळालं नाही तर आणखी हबवर चढा आणि पुन्हा शोधा.