खानदेशी भरीत: वांगं भाजायचं कसं, ठेचायचं कसं

भरताला टोमॅटो घातला की ते पंजाबकडे झुकतं, कच्चं मोहरीचं तेल घातलं की बिहारचा चोखा होतो. जळगावकडच्या भरतात यातलं काही नाही, हळद आणि लाल तिखटही नाही. इथे चव येते ती जाळाची आणि हिरव्या मिरचीची.

चौघांसाठी: भरताची वांगी १ किलो (मोठी असली तर दोनच भरतात), हिरव्या मिरच्या १०-१२, लसूण १५ पाकळ्या, शेंगदाणे पाव वाटी, कांद्याची पात १ जुडी, कोथिंबीर, जिरं १ चमचा, तेल पाव वाटी, मीठ.

वांगी फिकट हिरवी, पांढरट रेघांची घ्या. आकाराच्या मानाने हलकं वांगं निवडा. जड वांग्यात बिया जास्त निघतात. भोक दिसलं तर आत अळी आहे असंच समजा. जांभळी वांगीही चालतात, मात्र भाजल्यावर गाळणीत दहा मिनिटं निथळून घ्या.

वांग्याला तेलाचा हात लावून सुरीने पाच-सहा ठिकाणी टोचा. टोचलं नाही तर आत वाफ कोंडून ते फुटतं. खानदेशात कापसाच्या वाळलेल्या काड्यांवर भाजतात. तो धुरकट वास गॅसवर पुरता येत नाही, हे मान्य करून पुढे जावं. गॅसवर मध्यम आच ठेवा आणि दर तीन-चार मिनिटांनी वांगं फिरवा. १५ ते २० मिनिटं लागतात. मोठ्या आचेवर साल जळते, गर कच्चा राहतो. देठाजवळचा भाग सगळ्यात शेवटी शिजतो, म्हणून सुरी तिथेच घालून बघा. भाजलेलं वांगं दहा मिनिटं झाकून ठेवलं की साल सहज निघते. साल काढताना नळाखाली धरू नका, वास धुऊन जातो. हात ओले करून सोला.

मिरच्या थोड्या तेलावर डाग पडेपर्यंत भाजा, लसूण-मीठ घालून ठेचा, त्यात गर घालून पुन्हा ठेचा. लाकडी बडगी (भरीत ठेचायचं भांडं) असेल तर उत्तमच, नाहीतर परातीत तांब्याच्या बुडाने. मिक्सर नको: गराची खळ होते, बिया वाटल्या जाऊन कडवटपणा उतरतो.

उरलेल्या तेलात आधी शेंगदाणे खमंग तळा, मग जिरं, मग चिरलेली पात. पात मिनिटभरच परता. जास्त परतली तर पाणी सुटतं आणि रंग काळवंडतो. गर घालून तीन-चार मिनिटं परता, झाकण ठेवू नका. मीठ आता चाखून बघा, कमी असेल तर घाला. वरून कोथिंबीर.

सोबत कळण्याची भाकरी हवी. १ किलो ज्वारीला पाव किलो अख्खे उडीद आणि थोडं मीठ घालून दळून आणा. उडदाच्या चिकटपणामुळे ही भाकरी थापताना सहसा तुटत नाही.