धूलिकण, गारा आणि रडार: या चुका टाळा

‘हवेत कण जास्त, म्हणजे गारा मोठ्या’ हे समीकरण आधी डोक्यातून काढून टाका. ते अर्धंच खरं आहे. बाष्प ज्यांच्यावर साचतं ते कण वाढले, की तेवढंच पाणी जास्त मेघबिंदूंत वाटलं जातं आणि बिंदू बारीक राहतात. पाऊस लांबतो, पाणी गोठणपातळीच्या (जिथे तापमान शून्य अंश होतं, त्या उंचीच्या) वर जाऊनही द्रवच राहतं. हे अतिशीत पाणी गारेवर आदळून गोठतं, म्हणून गार वाढते. पण बिंदू फारच बारीक झाले, तर ते हवेच्या प्रवाहाबरोबर गारेला वळसा घालून निसटतात. मग वाढ खुंटते.

सगळे कण एकाच माळेचे मणी समजणं ही दुसरी चूक. मीठ, सल्फेट मेघबिंदू घडवतात. खनिज धूळ साधारण उणे 15 अंशांच्या खाली बर्फाला सुरुवात करून देते. स्यूडोमोनास सिरिंजी नावाचा जिवाणू तर उणे 2 अंशांपासूनच. असं काहीच नसेल, तर बारीक थेंब उणे 38 अंशांच्या आसपासपर्यंत द्रव राहू शकतात.

सर्वांत जास्त फसगत मात्र रडारवर होते. पावसाच्या थेंबाचा व्यास दुप्पट झाला, की परतणारा संकेत 64 पट होतो, म्हणजे 18 डेसिबलने वाढतो. त्यामुळे 60 डीबीझेडचा (डीबीझेड हे परतलेल्या संकेताची ताकद सांगणारं एकक) लाल ठिपका दिसला, तरी त्यामागे गारांची संख्या किती, हे कळत नाही. वितळणारी, पाण्याचं कवच चढलेली गार कोरड्या गारेपेक्षा बरीच उजळ दिसते. म्हणून झेडडीआर, म्हणजे आडव्या आणि उभ्या लहरींच्या परतलेल्या संकेतांतला फरक, पाहाच. गडगडत पडणाऱ्या गारांसाठी तो शून्याजवळ असतो, चपट्या मोठ्या थेंबांसाठी चांगला धन. सोबत सहसंबंध गुणांकही (हे दोन संकेत एकमेकांशी किती जुळतात, ते सांगणारा आकडा) घसरला असेल, तर गारांची शक्यता पक्की होत जाते. अपवाद लक्षात ठेवा: वितळत्या लहान गारांचा झेडडीआरही धन येतो.

रडारवर गारा आणि जमिनीवर नुसता पाऊस, असं झालं तर रडारला दोष देण्याआधी दोन गोष्टी तपासा. गोठणपातळी उंच असेल, तर लहान गारा वाटेतच वितळतात. शिवाय क्षितिजापासून अर्धा अंश वर रोखलेला रडारचा झोत 100 किलोमीटरवर जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर वर असतो. खालचं त्याला दिसतच नाही.

गोठणपातळीच्या वर धन झेडडीआरचा उंच स्तंभ दिसला, की ‘कणांचा परिणाम’ म्हणून मोकळं होऊ नका. तो आधी जोरदार ऊर्ध्वप्रवाहाची, म्हणजे वर चढणाऱ्या हवेची, खूण असतो. कणांचं श्रेय द्यायचंच, तर अस्थिरता, वाऱ्याचं कर्तन (उंचीनुसार वाऱ्याच्या वेगात आणि दिशेत होणारा बदल) आणि गोठणपातळी जवळपास सारखी असलेली वादळं शेजारी ठेवून बघा.