पोरांचा चेंडू-पकड खेळ: कागद टिकवायचा उपाय

गणपतीत आमच्या विश्रामबागच्या सोसायटीत लहान मुलांसाठी जपानी जत्रेतला किंग्यो-सुकुई खेळ मांडला. तिकडे ‘पोई’ने, म्हणजे पातळ कागद ताणून बसवलेल्या दांडीच्या कड्याने, टबातले सोनमासे उचलतात. आम्ही जिवंत मासे घेतलेच नाहीत, टेबल टेनिसचे चेंडू सोडले. ४० मिमीचे, जेमतेम २.७ ग्रॅमचे, मस्त तरंगतात.

अडचण एकच, टिश्यू पेपर पाण्यात जाताच फाटायचा. चार वर्षांचं पोर लगेच रडायला लागतं, आणि मागची रांग ओरडते. पाण्याने कागदाच्या तंतूंमधली पकड सुटते, म्हणून साधा कागद टिकत नाही. टी-बॅगचा कागद मात्र ओला होऊनही तग धरेल असाच बनवतात. वापरलेल्या टी-बॅग उकलून, झाडून वाळवल्या आणि प्लॅस्टिकच्या जुन्या बांगडीवर ताणून बसवल्या. पांढरा गोंद पाण्यात सुटतो, तेव्हा चपलेचा रबरी डिंक लावला (मोठ्यांनीच, तेही खिडकी उघडी ठेवून). दांडीला आईस्क्रीमची काडी.

बाकी हाताची करामत. आधी सगळा कागद एकदम भिजवायचा, कारण अर्धा ओला, अर्धा कोरडा राहिला की मधल्या रेषेवर फाटतो. मग तिरपं धरून, चेंडू कडेवर टेकवत बाहेर काढायचा. सरळ वर उचललं की गेला!

मोठ्या मुलांना टिश्यूचीच पोई देतो, नाहीतर गंमत काय? टब वीतभरही भरत नाही, तरी एक मोठं माणूस कायम शेजारी बसतं.