आल्प्समधल्या शांत खिंडी : सायकलसाठी रस्ता कसा निवडावा

आल्प्समध्ये सायकल घेऊन जाणाऱ्यांच्या याद्यांमध्ये स्टेल्व्हिओ, गालिबिए, फुर्का, ग्रिम्झेल ही नावे हमखास असतात. या खिंडी भव्य आहेत यात वाद नाही, परंतु जुलै-ऑगस्टमधल्या एखाद्या रविवारी दुपारी तिथे मोटारसायकलींच्या रांगांना वाट देत चढताना ना ओढ्याचा आवाज ऐकू येतो, ना गाईंच्या गळ्यातल्या घंटांचा. डोंगरातला शांत रस्ता हा नशिबाचा भाग आहे असे अनेकांना वाटते. माझे मत वेगळे आहे. असा रस्ता बहुतेक वेळा घरी बसून, नकाशा समोर ठेवून शोधता येतो, आणि त्यासाठी प्रत्येक खिंडीबाबत एकच प्रश्न विचारावा लागतो : ज्यांना फक्त डोंगरापलीकडे पोहोचायचे आहे, ती वाहने कोणत्या वाटेने जातात?

या प्रश्नाचे सर्वांत सोपे उत्तर म्हणजे बोगदा. स्वित्झर्लंडमधल्या गॉटहार्ड डोंगराच्या पोटातून जाणारा सुमारे १७ किलोमीटरचा रस्त्याचा बोगदा १९८० साली खुला झाला आणि उत्तर-दक्षिण वाहतुकीचा मोठा लोंढा २१०६ मीटर उंचीच्या खिंडीवरून खाली उतरला. उरलेल्यांसाठी खिंडीवर रुंद नवा रस्ता आहेच. त्यामुळे दक्षिणेकडच्या आइरोलो गावातून वर जाणारी त्रेमोला ही दगडी फरसबंदीची जुनी वाट, एकावर एक रचलेल्या वळणांसह, बऱ्याच अंशी सायकलस्वारांच्या वाट्याला आली आहे. ही वाट चढण्यासाठी निवडावी, उतरण्यासाठी नव्हे. चढताना दगडांचे हादरे मंद वेगात सहन होतात, उतरताना मात्र मनगटे आणि ब्रेक दोन्ही थकतात, आणि पाऊस पडून गेला असेल तर ते दगड निसरडे होतात. टायर निदान २८ मिलिमीटर रुंदीचे असावेत आणि त्यांत हवा नेहमीपेक्षा थोडी कमी ठेवावी. सान बर्नार्दिनोच्या खिंडीवरही हाच न्याय लागू पडतो. तिथला बोगदा १९६७ चा आहे आणि २०६६ मीटरपर्यंत जाणारा जुना रस्ता त्यामुळे मोकळा झाला आहे.

मात्र बोगदा कुठे सुरू होतो हे नीट पाहावे. ग्रेट सेंट बर्नार्डच्या खिंडीखाली १९६४ पासून बोगदा आहे, पण त्याचे तोंड बऱ्याच उंचीवर असल्यामुळे तिथपर्यंतचा चढ ट्रकांच्या सोबतीनेच करावा लागतो आणि शांतता फक्त शेवटच्या टप्प्यात मिळते. सिम्प्लॉनखाली रेल्वेचा बोगदा आहे, रस्त्याचा नाही, म्हणून अवजड वाहने खिंडीवरूनच जातात. सिम्प्लॉन मी यादीतून सरळ काढून टाकीन.

दुसरे उत्तर म्हणजे शेजारची मोठी खिंड. स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडेन प्रांतात एंगादीन खोऱ्याकडे जाण्यासाठी युलियर आणि आल्बुला अशा दोन खिंडी जवळजवळ आहेत. युलियर २२८४ मीटर उंच असूनही बारमाही खुली ठेवली जाते, म्हणून बसगाड्या, ट्रक आणि घाईत असलेले प्रवासी तिकडून जातात. आल्बुला तिच्याहून किंचितच उंच, पण अरुंद आणि हिवाळ्यात बंद. माझ्या दृष्टीने संपूर्ण आल्प्समध्ये पहिल्यांदा जाणाऱ्याने करावी अशी हीच खिंड आहे. फिलिझूरपासून बेर्ग्युन आणि प्रेडा या गावांपर्यंत रस्त्याला रेटियन रेल्वेची साथ असते. उंची गाठण्यासाठी हा लोहमार्ग डोंगरात वेटोळी घेतो, पुलांवरून आणि बोगद्यांतून स्वतःलाच ओलांडत जातो, आणि चढाच्या एकाच टप्प्यात तीच तांबडी गाडी आपल्याला कधी डोक्यावर तर कधी पायाखाली दिसते. या मार्गाचा २००८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. प्रेडाच्या पुढे गाडी बोगद्यात शिरते, आणि मग दगडांच्या राशी, गवत आणि रस्ता एवढेच उरते. पलीकडे ला पुंत गावात उतरल्यावर युलियरवरून परत येऊन फेरी पूर्ण करण्याचा मोह अनेकांना होतो, तो टाळावा. एंगादीनमधून सायकलसह त्याच रेल्वेने परतावे, म्हणजे सकाळी जे खालून पाहिले ते संध्याकाळी खिडकीतून पाहता येते. इथे एक सावधगिरी हवी. या खोऱ्यातल्या ब्रिएन्झ गावावरचा डोंगर सरकत आहे, २०२३ साली गाव रिकामे करावे लागले आणि त्या जूनमध्ये दरड गावाच्या अगदी जवळ येऊन थांबली. त्यामुळे तिएफेनकास्टेलकडून येणार असाल, तर परिसरातले रस्ते खुले आहेत का, हे निघण्याआधी पाहावे.

जिथे खासगी मोटारींना मनाईच आहे असे रस्तेही आहेत. मायरिंगेनहून ग्रिंडेलवाल्डला जाणाऱ्या ग्रोसे शायडेग या १९६२ मीटर उंचीच्या खिंडीवर श्वार्झवाल्डआल्पच्या पुढे फक्त पिवळ्या पोस्टबसला आणि मोजक्या परवानाधारक वाहनांना प्रवेश आहे. आयगर आणि वेटरहॉर्न ही शिखरे समोर उभी असताना पाठीमागून इंजिनाचा आवाज येत नाही, हे सुख दुर्मिळ आहे. अधूनमधून वळणाआडून बसचा तीन सुरांचा भोंगा ऐकू येतो, जो रोसिनीच्या ‘विल्यम टेल’ ऑपेरातून घेतला आहे. तो ऐकताच थांबण्याजोगी जागा पाहून कडेला व्हावे. निळ्या पाटीवर पिवळा तुतारीसारखा भोंगा रंगवलेला दिसला, तर तो डोंगरी टपालमार्ग आहे असे समजावे, आणि तिथे बसचालकाची सूचना पाळणे बंधनकारक असते. इटलीत ग्रान पारादिसो राष्ट्रीय उद्यानातली निव्होलेटची वाट २६१२ मीटरपर्यंत चढते आणि पलीकडे उतरतच नाही. आल्या वाटेनेच परतावे लागत असल्यामुळे तिथे निव्वळ ये-जा करणारी वाहतूक नसते, आणि ऐन उन्हाळ्यातल्या रविवारी वरचा टप्पा खासगी गाड्यांसाठी बंद ठेवला जातो. मोटारवाल्याला असा रस्ता निरर्थक वाटतो, पण सायकलस्वाराने अशी आंधळी टोके मुद्दाम शोधावीत.

तिसरा प्रकार लांबच्या, अरुंद आणि कुठल्याही मोठ्या शहराला न जोडणाऱ्या खिंडींचा. फ्रान्समध्ये मेर्कांतूर राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात बार्सलोनेत गावातून निघून अलोस, शां आणि कायोल अशा तीन खिंडी ओलांडत त्याच गावी परतता येते. ही सुमारे १२० किलोमीटरची फेरी असून एकूण चढ ३००० मीटरहून अधिक भरतो. ती उलटसुलट कशीही करता येते, पण अलोसपासून सुरुवात करावी असे मी सुचवीन, कारण अलोसचा बार्सलोनेतकडचा रस्ता कड्यात कोरलेला, अरुंद आणि अनेक ठिकाणी बिनकठड्याचा आहे. तो ताज्या पायांनी चढून जाणे हे थकलेल्या हातांनी उतरण्यापेक्षा कितीतरी बरे. मधल्या कोलमार या तटबंदीच्या गावात पाण्याच्या बाटल्या पूर्ण भराव्यात. कायोल २३२६ मीटर उंच आहे, तिच्या दक्षिण अंगाला वार नदी उगम पावते, आणि उत्तरेकडचा उतार बाशलार ओढ्याच्या घळीतून खाली येतो. इतका लांब पल्ला पायांना झेपणार नसेल, तर नुसती कायोल चढून परत यावे, त्यात काही कमीपणा नाही. याहून एकांत हवा असेल, तर सीमेपलीकडे इटलीच्या कुनेओ प्रांतातली २४८१ मीटरची फाउनिएरा आणि तिच्याजवळची साम्पेरे पाहावी. तिथले डांबर काही ठिकाणी खडबडीत आहे, वळणांवर खडी साचते आणि गुरे रस्त्यावर बसतात, हे गृहीत धरूनच वेग ठेवावा.

प्रसिद्ध खिंडींना अजिबात जाऊ नये असे मात्र मी म्हणणार नाही. २७५७ मीटरच्या स्टेल्व्हिओवर जायचे असेल, तर स्वित्झर्लंडच्या वाल म्युस्टाइरमधल्या सांता मारियातून, पहाटेच्या उजेडात, २५०१ मीटरच्या उंब्राइल खिंडीवरून चढावे. हा रस्ता माथ्याच्या थोडा खाली स्टेल्व्हिओच्या रस्त्याला मिळतो. मग प्रातोच्या बाजूची ४८ वळणे उतरून ग्लोरेन्झामार्गे सांता मारियाला परत यावे. गर्दी चढू लागण्याआधी माथा सोडलेला असावा, हे महत्त्वाचे. स्टेल्व्हिओवर आणि डोलोमाइट्समध्ये सेला पर्वतरांगेभोवतीच्या चार खिंडींवर वर्षातले काही ठरावीक दिवस रस्ते मोटारींना बंद ठेवून सायकलींना दिले जातात. फ्रान्समध्येही उन्हाळ्यातल्या काही सकाळी अनेक खिंडींवर अशी सोय असते. तारखा दरवर्षी बदलतात, त्यामुळे त्या त्या भागाच्या पर्यटन कार्यालयाकडून आधी खात्री करून घ्यावी.

एरवी वेळेची निवड हीच रस्त्याच्या निवडीइतकी मोलाची असते. उंच खिंडी साधारण जून ते ऑक्टोबर या काळात खुल्या असतात. त्यांतला सप्टेंबरचा पहिला पंधरवडा मला सर्वांत योग्य वाटतो : बऱ्याच ठिकाणी शाळा सुरू झालेल्या असतात, हवा स्थिर असते आणि दिवस अजून पुरेसा मोठा असतो. फ्रान्समध्ये १४ जुलै, स्वित्झर्लंडमध्ये १ ऑगस्ट आणि इटलीत १५ ऑगस्ट या सुट्टीच्या दिवसांना आणि त्यांना लागून येणाऱ्या शनिवार-रविवारना खिंडीत जाऊ नये. आठवड्यातल्या मधल्या दिवशी सकाळी सहा-साडेसहाला निघावे. यामागे वाहतुकीइतकेच हवेचेही कारण आहे, कारण उन्हाळ्यात दुपारनंतर ढग जमून गडगडाटी पाऊस येतो आणि उघड्या माथ्यावर विजेपासून आडोसा नसतो.

वाऱ्याचे गणित दरीत फार जाणवते. दिवसा डोंगरउतार तापतात आणि वारा खोऱ्याच्या तोंडाकडून वरच्या अंगाला वाहू लागतो. म्हणून रोन नदीच्या खोऱ्यात दुपारी प्रवाहाच्या उलट दिशेने जाणाऱ्याच्या पाठीशी वारा असतो आणि प्रवाहासोबत उतरणाऱ्याला तो छातीवर घ्यावा लागतो. एंगादीनचा वरचा भाग याला अपवाद आहे. तिथे खोऱ्याच्या वरच्या टोकाच्या मालोया खिंडीकडून येणारा दुपारचा वारा खोऱ्यातून खालच्या दिशेने वाहतो. दिवसाचा आराखडा करताना एवढे ध्यानात ठेवले, तरी शेवटचे ३० किलोमीटर सुसह्य होतात.

दोन खिंडींना जोडणारा दरीतला मुख्य रस्ता बहुधा सर्वांत गोंगाटाचा असतो, म्हणून तिथे सायकलमार्गच धरावा. स्वित्झर्लंडमध्ये तांबड्या पाट्यांवर फिकट निळ्या चौकोनात मार्गाचा क्रमांक असतो. एक आकडी क्रमांक राष्ट्रीय मार्गाचा, आणि त्यातला पहिला मार्ग रोनचा, दुसरा ऱ्हाइनचा. मात्र या मार्गांवर अधूनमधून कच्चे तुकडे येतात, ते नकाशावर आधी पाहून घ्यावेत. इटलीच्या ईशान्येला तार्विसिओच्या खाली बंद पडलेल्या जुन्या लोहमार्गावरच डांबरी सायकलमार्ग झाला आहे. त्याचे पूल आणि बोगदे जुन्या रेल्वेचे आहेत आणि उतार इतका सौम्य आहे, की मोठ्या चढाच्या दुसऱ्या दिवशी विश्रांती म्हणून तो करावा.

सायकलला पुढे ३४ दात्यांची आणि मागे किमान ३२ दात्यांची चकती असावी. अधिक हलका गिअर बसवता आला तर बसवावा. तासन्‌तास चालणाऱ्या चढावर ताकदीपेक्षा लय टिकवणे महत्त्वाचे असते. उंचीबरोबर दर १००० मीटरला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी घटते, म्हणजे ७०० मीटरवर २५ अंश असले तर २५०० मीटरवर साधारण १३ अंश असतात, आणि घामाने भिजलेल्या अंगाने उतरताना ते त्याहून कमी भासतात. म्हणून पातळ विंडचीटर आणि पूर्ण बोटांचे हातमोजे खिशात असावेतच, आणि ते माथ्यावर थांबल्याबरोबर, थंडी वाजण्याआधी, चढवावेत. उतारावर ब्रेक सतत धरून ठेवू नयेत. वळणाआधी नीट दाबावेत, वळण सुरू होताना सोडावेत, म्हणजे रिम किंवा डिस्क निवायला वेळ मिळतो. मागे-पुढे दोन्ही दिवे दिवसाही सोबत हवेत. गाव्हिया खिंडीच्या दक्षिण अंगाला एक बोगदा अंधारा आहे, आणि इटलीत गावाबाहेरच्या बोगद्यांतून जाताना दिव्यांसोबत प्रकाश परावर्तित करणारे जाकीटही कायद्याने आवश्यक आहे.

खिंडीच्या पायथ्याशी रस्ता खुला की बंद हे सांगणारा फलक असतो. जर्मन भाषिक भागात ‘ऑफेन’ आणि ‘गेश्लोसेन’, फ्रान्समध्ये ‘उव्हेर’ आणि ‘फेर्मे’, इटलीत ‘आपेर्तो’ आणि ‘क्युझो’ असे शब्द त्यावर दिसतात. जूनच्या सुरुवातीला किंवा ऑक्टोबरमध्ये जाणार असाल, तर फाटकाखालून सायकल सरकवून रिकाम्या रस्त्यावर चढण्याचा मोह होईल. ते फाटक हिमस्खलनासाठी, दरडींसाठी किंवा वर चालू असलेल्या बर्फ काढणाऱ्या यंत्रांसाठी लावलेले असते. तिथून परत फिरावे आणि दरीतला सायकलमार्ग धरावा.