मध्यम किमतीची दुर्बीण घेताय? या चुका टाळा

दुर्बीण हातात घेतली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती पट मोठं दिसतं?" मीही पहिल्यांदा एवढंच विचारलं आणि १० ते ३० पट झूमवाली, खिशात मावणारी दुर्बीण घेऊन आलो. भर उन्हात बरी वाटली. संध्याकाळी मात्र झाडीत बसलेला पक्षी नुसता काळा ठिपका दिसायचा. ३० पटींवर तर हाताच्या कंपाने चित्र इतकं थरथरायचं, की फांदी कुठली आणि पक्षी कुठला तेच कळेना. जितकी पट मोठी, तितकाच हाताचा कंपही मोठा होऊन दिसतो.

मोठ्या आकड्याला भुलू नका

दुर्बिणीवर ८×४२ असं लिहिलेलं असतं. ८ म्हणजे किती पट आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. आता ४२ला ८ने भागा. सव्वापाच आले. डोळ्यात शिरणारी प्रकाशाची चकती एवढ्या मिलिमीटरची असते. १०×२५मध्ये तीच चकती अडीचची होते. लख्ख उन्हात आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरपर्यंत आकसते, म्हणून तेव्हा दोन्हींत फारसा फरक जाणवत नाही. उजेड उतरला की बाहुली विस्फारते आणि छोट्या दुर्बिणीचा प्रकाश तिला पुरत नाही. प्राणी-पक्ष्यांची खरी लगबग तर पहाटे आणि तिन्हीसांजेलाच असते.

ही चकती दुकानातच बघून घ्या. दुर्बीण उजळ भिंतीकडे रोखून हातभर लांब धरा, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगांत दोन प्रकाशाचे गोल दिसतील. ते काठापर्यंत स्वच्छ गोल हवेत. कडा चौकोनी कापल्यासारख्या, राखाडी दिसल्या तर आतल्या लोलकांत कसर केलेली आहे. मध्यम किमतीत बॅक-४ काचेचे लोलक मिळायला हवेत, नसतील तर पुढची दुर्बीण बघा.

पहिलीच दुर्बीण असेल तर माझं मत सरळ ८×४२ला आहे. हजार मीटरवर तिच्यात साधारण सव्वाशे ते एकशेचाळीस मीटर रुंदीचा पट्टा मावतो. १०×४२मध्ये तो बराच अरुंद होतो, त्यामुळे उडता पक्षी सापडेपर्यंत निघून गेलेला असतो.

कोटिंगचे शब्द नीट वाचा

कोटिंग म्हणजे काचेवरचा, प्रकाश परत फिरू न देणारा पातळ थर. तो नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो आणि दुर्बिणीच्या एकेका नळीत असे दहा-बारा पृष्ठभाग सहज असतात. म्हणून नुसतं 'कोटेड' पुरत नाही, 'फुली मल्टी-कोटेड' हवं, म्हणजे प्रत्येक पृष्ठभागावर असे अनेक थर. पुढच्या भिंगात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पाहा. ते मंद हिरवट-जांभळं असेल तर चांगलं, पांढरं लखलखीत असेल तर त्या काचेवर कोटिंग नाही. लालभडक चमकणाऱ्या भिंगांच्या तर वाटेला जाऊ नका. लाल प्रकाश बाहेर फेकला गेल्यावर आत हिरवट चित्र उरतं.

सरळ नळ्यांच्या रूफ प्रकारात 'फेज कोटिंग' (चित्र स्पष्ट ठेवणारा लोलकावरचा थर) आहे का, तेही विचारा. तेवढ्याच पैशात जुन्या पद्धतीची, रुंद खांद्यांची पोरो दुर्बीण बऱ्याचदा जास्त स्पष्ट दाखवते. ती बोजड असते खरी, आणि पावसापाण्यात चालेल अशी शोधावी लागते.

चष्मा विसरू नका

चष्मा लावून बघणार असाल तर आय रिलीफ, म्हणजे पूर्ण चित्र दिसताना डोळा भिंगापासून जितका लांब राहू शकतो ते अंतर, किमान १५-१६ मिलिमीटर हवा. नाहीतर चित्राच्या कडा कापल्या जातात. चष्म्यावर बघताना आयकप (डोळ्याकडच्या भिंगांभोवतीच्या वर-खाली होणाऱ्या कडा) खाली ठेवायचे, चष्म्याशिवाय वर.

अंधुक दिसतंय? आधी हे करा

कित्येक चांगल्या दुर्बिणी एका छोट्या कडीपायी बदनाम होतात. उजव्या आयपीसवर (डोळ्याकडच्या भिंगावर) बहुधा डायॉप्टरची कडी असते. आपल्या दोन डोळ्यांचा नंबर सारखा नसतो, तो फरक ती भरून काढते. दूरची एखादी पाटी निवडा. उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला अक्षरं लख्ख दिसू द्या. मग डावा मिटा आणि चाकाला हात न लावता फक्त कडी फिरवून उजव्यालाही तीच अक्षरं स्पष्ट करा. कडी कुठे थांबली ते लक्षात ठेवा. यापुढे फक्त चाक फिरवायचं.

थंडीत बाहेरच्या काचेवर वाफ धरली तर ती आपोआप जाते. वाफ आत धरत असेल तर सील गेलेलं आहे. नायट्रोजन भरलेल्या सीलबंद दुर्बिणीत हे होता कामा नये. भिंगावरची धूळ शर्टाच्या टोकाने कधीच पुसू नका, कण घासून ओरखडे पडतात. आधी ब्लोअरने उडवा, मग मायक्रोफायबरचं कापड. दमट दिवसांत चामडी पाकिटात कोंडून ठेवली तर भिंगावर बुरशी धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. आणि सूर्याकडे तर दुर्बीण चुकूनही वळवू नका, क्षणभरात डोळा जाऊ शकतो.

दहा मिनिटांत डोकं जड होत असेल तर डोळ्यांना दोष देऊ नका. दूरच्या छपराची आडवी कड पाहा आणि दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून थोडी लांब न्या. एका कडेच्या दोन कडा वर-खाली दिसल्या तर नळ्या एका रेषेत नाहीत. घरी स्क्रू उघडून हे दुरुस्त होत नाही. ही तपासणी पहिल्याच दिवशी करा, परत करण्याची मुदत असतानाच.