एफडीजी की एफएलटी: उंदरांच्या गाठींवर दोन ट्रेसरची तुलना कशी करावी

पेट स्कॅनमध्ये ट्रेसर, म्हणजे शरीरात सोडलेला किरणोत्सर्गी खुणेचा रेणू, कुठे साचतो ते दिसते. एफडीजी आणि एफएलटी हे असे दोन ट्रेसर. एफडीजी हा ग्लुकोजसारखा रेणू आहे. पेशीत शिरल्यावर हेक्सोकायनेज हे विकर त्याला फॉस्फेट जोडते आणि तो तेथेच अडकून राहतो. एफएलटी मात्र थायमिडीन या डीएनएच्या घटकासारखा आहे; तो विभाजनाच्या तयारीतील पेशींत सक्रिय असणाऱ्या थायमिडीन कायनेज-१ या विकरामुळे अडकतो, म्हणून तो पेशीविभाजनाचा वेग सुचवतो. दोघांतही फ्लोरिन-१८ हा किरणोत्सर्गी अणू असल्यामुळे अर्धायुष्य सारखेच, सुमारे ११० मिनिटे, आणि त्यामुळे त्यांची तुलना सोपी होते.

संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मान्यता मिळाल्यावर दोन्ही स्कॅन शक्यतो त्याच उंदरावर करावेत. मध्ये दहा अर्धायुष्ये, म्हणजे साधारण १८ तास, गेले की आधीच्या मात्रेचा हजारावा भागही उरत नाही. मात्र एका दिवसात गाठही वाढते. म्हणून निम्म्या उंदरांना आधी एफडीजी आणि उरलेल्यांना आधी एफएलटी द्यावे.

खरी कसोटी उंदराच्या तयारीत आहे. उंदीर गारठला की तपकिरी चरबी एफडीजी ओढून घेते, आणि केटामाइन-झायलाझिनच्या भुलीने रक्तातील साखर चढते. त्यामुळे काही तास उपाशी ठेवलेल्या उंदराला इंजेक्शनपूर्वीपासून स्कॅन संपेपर्यंत उबेत ठेवावे आणि आयसोफ्लुरेनची भूल वापरावी. एफएलटीला उपवासाची गरज नाही, तरीही दोन्ही दिवशी तयारी एकसारखीच असावी. एफएलटीची अडचण निराळीच आहे: उंदराच्या रक्तात थायमिडीन माणसापेक्षा कितीतरी अधिक असते आणि ते एफएलटीशी स्पर्धा करते. वेगाने वाढणारी गाठही त्यामुळे फिकी दिसू शकते. तेवढ्यावरून ट्रेसर निकामी ठरवणे घाईचे होईल.

शेपटीच्या शिरेत इंजेक्शन दिल्यावर सिरिंजमधील उरलेली मात्रा मोजून वजा करावी. शेपटीही स्कॅनमध्ये घ्यावी, कारण औषध शिरेबाहेर झिरपले असेल तर पुढची सगळी आकडेमोड फसवी ठरते. (हा टप्पा कंटाळवाणा म्हणून हमखास गाळला जातो.) इंजेक्शन ते स्कॅन हे अंतर प्रत्येक वेळी सारखे ठेवून, क्षय-दुरुस्ती केलेले (मधल्या वेळात घटलेली किरणोत्सर्गिता हिशेबात धरलेले) मूल्य प्रति ग्रॅम ऊतीत दिलेल्या मात्रेच्या टक्केवारीत मांडावे आणि सोबत गाठ व स्नायू यांचे गुणोत्तर द्यावे. एक-दोन मिलिमीटरच्या गाठींचे आकडे स्कॅनरच्या मर्यादेमुळे खोटे कमी येतात; त्या तुलनेतून वगळाव्यात.

शेवटच्या स्कॅननंतर गाठी काढून त्यांची किरणोत्सर्गिता गॅमा काउंटरवर मोजावी आणि त्यांचे काप केआय-६७ या, विभाजन पावणाऱ्या पेशींत आढळणाऱ्या प्रथिनासाठी रंगवावेत. एफडीजी दाहातील मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशींमध्येही साचते; त्यामुळे जिथे एफडीजी भरपूर आणि केआय-६७ तुरळक दिसेल, तिथे आधी दाहकारक पेशी शोधाव्यात.